दोन शब्दांचा हंगाम

चैत्र लागला की आमच्या आरोंद्यात वाऱ्याला काजूच्या बोंडूंचा वास येतो. गोड, आंबूस, जरासा डोक्यात चढणारा. सुट्टीला आलेले पाहुणे खोल श्वास घेतात आणि गाव आठवलं म्हणतात. मला मात्र त्या वासाने अजूनही कोंडल्यासारखं होतं. दारं-खिडक्या सताड उघड्या असतात, समोर खाडीचं पाणी चकाकत असतं, तरी आपण कुठेतरी आत आहोत, बाहेरून कडी लागलेली आहे, असं वाटत राहतं. परवा सकाळी पडवी झाडताना झुळूक आली आणि हातातली केरसुणी तशीच राहिली. त्या वासाबरोबर मला एका टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीताची धून आठवते, आणि धुनीच्या मागोमाग भाऊंचा आवाज.

भाऊ म्हणजे माझे सासरे. मी सांगतेय तो हंगाम आठ वर्षांपूर्वीचा, माझ्या लग्नानंतरचा दुसरा.

मी सावंतवाडीची. कॉलेजात गात असे. कुणाकडे रीतसर शिकले नव्हते, पण स्नेहसंमेलनात माझं नाव पुकारलं की मागच्या बाकांवरची मुलं गप्प होत, एवढं मला आठवतं. शेवटच्या वर्षी एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी कोल्हापूरला चाचणी देऊन आले आणि पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याआधीच आरोंद्याचं स्थळ आलं. बघायला आले तेव्हा भाऊंनी मला एक गाणं म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, आणि मग माझ्या वडलांना म्हणाले, "आवाज बरो आसा. घरात गांवक आमची काय एक हरकत नाय."

घरात. तो शब्द मला तेव्हाच ऐकू आला होता, पण मी तो ऐकला नाही असं ठरवलं. सुहास, माझा होणारा नवरा, खिडकीपाशी बसून लाजल्यासारखा हसत होता. मला तो आवडला. पुढच्या फेरीचं बोलावणं साखरपुड्यानंतर आलं, आणि मी ते कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं.

भाऊ तेव्हा धिप्पाड होते. त्यांचा आवाज असा की सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, काजूच्या बागेतून त्यांनी हाक मारली तर खाली स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं जाई. बागेतले गडी, घरातली माणसं, गोठ्यातली गाय, सगळी त्या आवाजावर चालत. मीही चालत होते. ते कधी रागावले नाहीत. त्यांना रागावावं लागत नसे.

आणि माघात एका सकाळी ते विहिरीजवळ तोंड धुता धुता खाली बसले, ते उठलेच नाहीत. गोव्यातल्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे काढून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि सगळ्या बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला होता. "तां." मालवणीत 'ते' म्हणायचं तर 'तां' म्हणतात. पाणी हवं असलं तरी तां, कूस बदलायची असली तरी तां, सुहास समोर आला आणि डोळे भरले तरी तां, तां, तां. डोक्यात सगळं शाबूत होतं. डोळ्यांत ते स्पष्ट दिसायचं. आत पूर्ण वाक्यं तयार होत असणार आणि दाराशी येऊन तिथेच पडत असणार.

नेमका तेव्हाच काजूचा हंगाम सुरू झाला. काजू कुणासाठी थांबत नाही. पिकलेला बोंडू झाडावरून पडतो, तो त्याच दिवशी वेचावा लागतो, बी वेगळी करून वाळवावी लागते. सुहास सकाळी भाऊंची अंघोळ, कपडे उरकायचा आणि सात वाजता आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन बागेत जायचा. गडी आधीच पोचलेले असत. सगळी परत यायची ती दुपारी तीनच्या पुढे. घरात उरायचो भाऊ आणि मी.

त्या आठ तासांविषयी कुणाला सांगायचं म्हटलं तर सांगण्यासारखं काही नाही. मऊ भात भरवायचा. दर तासाला उशा बदलायच्या. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेलं पुसायचं. विहिरीवर गेले की आतून "तां" ऐकू यायचं आणि मी कळशी अर्धी भरूनच धावत यायचे. एकदा मी मागच्या दारी कपडे वाळत घालत असताना ते स्वतःहून उठू पाहत खाटेवरून खाली पडले. त्यानंतर मी मागच्या दारी जायचंही सोडलं. ज्या माणसासमोर मी वर्षभर डोक्यावरचा पदर सावरत वावरले, त्याची हनुवटी धरून मी त्याला पाणी पाजत होते. लाज मला वाटे, तशी त्यांनाही वाटे. म्हणून आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता टीव्हीकडे बघत असू.

अकरा वाजता ती मालिका लागायची. आदल्या संध्याकाळच्या भागाचं पुन:प्रसारण. मीरा नावाची एका इस्त्रीवाल्याची मुलगी, मोठ्या शहरात राहणारी, दुकानात इस्त्री फिरवताना गाते. गाडी दुरुस्त होईपर्यंत तिथे उभ्या असलेल्या एका संगीतकाराच्या कानावर ते पडतं, आणि तिथून ती पॉप गायिका व्हायला निघते. चंदेरी जाकीट, निळा धूर, समोर मोबाइलचे दिवे हलवणारी हजारो माणसं. तिचा मॅनेजर लबाड होता, वडील बोलत नव्हते, दुसरी एक गायिका तिच्या पाण्यात काहीतरी कालवत होती. शुक्रवारी तिच्या तोंडावर एक दार धाडकन बंद व्हायचं आणि सोमवारी दुसरं उघडायचं.

मी मांडीवर ताट घेऊन, बोटांना राख लावून ओले काजूगर सोलत बसायचे. ओल्या काजूचा चीक वाईट. कितीही राख लावली तरी बोटांची कातडी जळून पापुद्रे निघतात. मी सोलत सोलत मनातल्या मनात मीरेच्या चुका काढायचे. हिचा वरचा सूर पातळ आहे. हिला श्वास कुठे घ्यायचा कळत नाही. ही खरं तर गातच नाही, कोणीतरी दुसरीच गाते आणि ही ओठ हलवते. त्या दुसरीविषयी मी फार विचार करायचे. ती कुठे राहत असेल, तिला किती वाजता उठावं लागत असेल, गाऊन झाल्यावर ती काय खात असेल. हे सगळं मनात चालू असताना मध्येच "तां" यायचं आणि मी ताट बाजूला ठेवायचे.

शीर्षकगीत मीच जरा जोरात लावायचे. 'वाट दे ना, वाट दे, माझ्या सुरा वाट दे.' गाणं म्हणून साधंच, चार सुरांचं. पण त्याबरोबर गुणगुणायची मला सवय लागली होती, आणि भाऊंनी ते रोज ऐकलं.

एका दिवशी गीत अर्ध्यावर असताना लाइट गेली. टीव्ही काळा झाला, पंखा हळूहळू थांबला. मीही गुणगुणायची थांबले, आणि त्या शांततेत खाटेवरून आवाज आला. "वाट दे ना, वाट दे." जाडाभरडा, थोडा बेसूर, पण शब्द स्वच्छ. दोन महिने 'तां'च्या पलीकडे न गेलेली जीभ ते शब्द एकामागून एक ठेवत होती. "माझ्या सुरा वाट दे." मी त्यांच्याकडे वळले. ते माझ्याहून जास्त घाबरले होते. डावा हात त्यांनी तोंडावर ठेवला होता, जणू आतून दुसरंच कुणी बोललं होतं.

हे मी सुहासला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तीन दिवस नाही सांगितलं. आईंना तर नाहीच. आज मागे वळून पाहताना त्याचं मलाच आश्चर्य वाटतं. नवरा रोज भाऊंच्या पायाशी बसून विचारायचा, "भाऊ, माका वळखतास मां?" आणि मी बाजूला भाकरी थापत गप्प. त्या घरात आल्यापासून माझी म्हणावी अशी ती पहिलीच गोष्ट होती, आणि मला ती थोडे दिवस एकटीला हवी होती. अकरा वाजायची मी वाट बघायला लागले. लाइट असली तरी मी टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि स्वतः गायचे. ते पाठोपाठ गायचे. चौथ्या दिवशी मी शब्द बदलले. त्याच चालीवर 'पाणी दे ना, पाणी दे' म्हटलं आणि भांडं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गायले, "पाणी दे." मग ते रडले. मी सुहासला फोन लावला.

तपासणीला गोव्याला गेलो तेव्हा तिथे वाचा-उपचार करणाऱ्या तरुण बाई होत्या. त्यांना हे ऐकून नवल वाटलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं की मेंदूची बोलण्याची जागा दुखावली तरी गाण्याची कधी कधी शाबूत राहते. तिथून आत शिरायचं, आणि हळूहळू चाल कमी करत बोलण्यापर्यंत यायचं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही छान काम केलंत. आता हे रोज व्हायला हवं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि शक्यतो तुमच्याच आवाजात. त्यांना त्याची सवय झालीय. मध्येच खंड पडला तर मागे जातील."

सुहासने कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून पालापाचोळ्याचा धुरकट वास येत होता आणि मी त्या एका वाक्यातून बाहेर येऊ शकत नव्हते. शक्यतो तुमच्याच आवाजात. ज्या आवाजाच्या जोरावर मी कधीतरी कुठेतरी जाईन असं मला वाटायचं, त्याच आवाजाने आता मला खाटेच्या पायाला बांधलं होतं. वाईट म्हणजे त्यात कुणाची चूक नव्हती. रागवायचं तरी कुणावर.

वैशाखात लीनाचा फोन आला. लीना माझी कॉलेजातली मैत्रीण, की-बोर्ड वाजवायची. म्हापशाच्या एका बँडमध्ये होती. त्यांची गायिका लग्न होऊन परदेशी गेली होती, आणि लीनाने माझं नाव सुचवलं होतं. आठवड्यातून तीन दिवस सराव, नंतर लग्नाच्या पार्ट्या, हॉटेलं. आरोंद्याहून पूल ओलांडला की गोवा, बस सहज मिळते. रविवारपर्यंत कळव, म्हणाली.

सुहासने ऐकून घेतलं. तो नाही म्हणाला नाही. त्याला नाही म्हणता येत नाही. थोड्या वेळाने त्याने चपलेचा पट्टा नीट करत हलकेच विचारलं, "मगे भाऊंका कोण बघतला?" आईंचं म्हणणं असं की हंगाम उरकल्यावर बघू. हंगाम उरकायला महिना होता आणि लीनाला रविवारी उत्तर हवं होतं. मी म्हटलं, भाऊंनाच विचारते. तोपर्यंत ते गाऊन चार-पाच गोष्टी मागू लागले होते. पाणी, उशी, बसव, दार. पण सगळ्या मी शिकवलेल्या. स्वतःच्या मनातलं त्यांनी अजून काही म्हटलं नव्हतं.

रविवारी सगळी घरी होती. मी खाटेजवळ बसले. सुहास दाराशी, आई चुलीपुढे. मी त्या चालीवरच विचारलं, कारण दुसऱ्या कुठल्या रस्त्याने त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. मी जाऊ का, गाण्यासाठी, पलीकडे. सगळं एकेक शब्द करून, दोनदा. त्यांना कळलं. कळलं ते मला दिसलं. त्यांची नजर माझ्या तोंडावरून खाली माझ्या हातांवर गेली, बोटांच्या निघालेल्या पापुद्र्यांवर थांबली, पुन्हा वर आली. ओठ दोन-तीनदा नुसतेच हलले. मग ते गायले.

"जाव नको," ते म्हणाले. आणि पुन्हा, अधिक स्पष्ट, "जाव नको."

चुलीपुढून आई धावत आल्या. "ऐकलंस?" त्या सुहासचा हात धरून म्हणाल्या, "दोन शब्द जोडल्यानी. आपल्या मनान." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सुहास खाली बसून भाऊंच्या छातीवर डोकं टेकवून रडला. शेजारच्या दोन बायका आल्या, कुणीतरी देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावरही साखर दिली. मी ती खाल्ली. तो घरातला आनंदाचा दिवस होता आणि ते खरंच होतं. भाऊ काय म्हणाले याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ते म्हणाले एवढंच सगळ्यांना पुरलं.

लीनाला मी चार ओळींचा निरोप पाठवला.

त्यानंतर तीन दिवस मी गायले नाही. बाकी सगळं केलं. भात भरवला, उशा बदलल्या, टीव्ही लावला. शीर्षकगीत वाजलं तेव्हा तोंड मिटून काजूगर सोलत बसले. भाऊ माझ्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, आणि चाल सापडायची नाही. "तां," यायचं. "तां, तां." तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकं कठोर मी आयुष्यात कुणाशी वागले नाही, आणि ते त्या घरात कुणालाही कळलं नाही, कारण बाहेरून बघता मी काहीच केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मालिका संपली. वाहिनीने ती अचानक गुंडाळली असणार. आदल्या भागात मीरेचा घसा बसला होता, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं, वडील अजून अबोलाच धरून होते. आणि शेवटच्या भागात पडद्यावर 'दोन वर्षांनंतर' अशी अक्षरं आली आणि मीरा एका प्रचंड मैदानात गात होती. घसा कसा बरा झाला, वडील कसे बोलले, कुणी सांगितलं नाही. मधली दोन वर्षं त्यांनी कात्रीने कापून टाकली होती. मला एकदम कळलं की मी त्याच दोन वर्षांत बसलेली आहे. जी कुणी दाखवत नाही, तिथे. मी टीव्ही बंद केला.

भाऊ भिंतीकडे तोंड करूनच होते. उन्हाने खोली तापली होती, त्यांचे ओठ सुकले होते. ते काही मागत नव्हते. मी उठले, भांड्यात पाणी घेतलं, त्यांच्या समोर जाऊन बसले आणि गायले, 'पाणी दे ना.' बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. आवाज अगदी तळातून आला. "पाणी दे." मी पाजलं. माझं मन वगैरे मोठं झालं नव्हतं. तहान लागलेल्या माणसाला पाण्यासाठी ताटकळत ठेवणं मला चौथ्या दिवशी जमलं नाही, इतकंच.

तो हंगाम संपला. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. लीनाच्या बँडने दुसरी गायिका घेतली, नंतर बँडही मोडला, लीना पुण्याला गेली. भाऊ वर्षभराने काठी घेऊन पडवीपर्यंत येऊ लागले. बोलण्यातली चाल हळूहळू विरत गेली, जशी भिंतीवरची ओल विरते. आता ते सावकाश बोलतात, मध्ये थांबतात, शब्द शोधतात, पण बोलतात. गावात सगळे त्याचं श्रेय मला देतात. कुणी नवा माणूस घरी आला की आई त्याला माझी हकिकत सांगतात. मी चहा आणते. घरात गाते. मुलीला झोपवताना, कधी गणपतीत. भाऊ पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच अगदी. आणि इतकी वर्षं माझ्या मनात एक जागा आहे जिथे ते दोन शब्द खिळ्यासारखे ठोकलेले आहेत. अडकल्यासारखं वाटलं की मी तिथे जाते आणि त्या खिळ्याला हात लावून येते. त्यांनी अडवलं. त्यांनी नको म्हटलं. नाहीतर मी.

परवा त्या वासाने हातातली केरसुणी थांबली तेव्हा भाऊ पडवीतच खुर्चीवर बसले होते. सुहास आणि आई बागेत गेली होती, मुलगी शाळेत. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. भाऊ म्हणाले, "बस गो जरा."

मी पायरीवर बसले. ते खाडीकडे बघत होते. डावा हात काठीच्या मुठीवर फिरत होता. मग ते बोलायला लागले, तुटक, मध्ये बराच वेळ सोडत.

"तुका मी... जाव नको म्हटलंय. त्या वर्सा."

आठ वर्षांत त्या घरात हे पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं.

"माका भय वाटला," ते म्हणाले. "तू गेलंस तर... माजी वाचा जातली. असा वाटला." आणि बऱ्याच वेळाने, "तां चुकला माझा."

मी या क्षणाची कितीतरी वेळा कल्पना केली होती. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पण ते ठरलेलं तोंडात येईना. त्याऐवजी मला तो रविवार दिसला, आणि हातावरची साखर, आणि साखर खाताना छातीत काहीतरी सैल पडलं होतं ते. ते मी त्या दिवशीही ओळखलं होतं आणि लगेच झाकून टाकलं होतं. लीनाने त्यानंतर दोनदा फोन केला होता. आठवड्यातून दोनदाच का होईना, ये, सराव बघ, म्हणाली होती. मी दोन्ही वेळा तिला भाऊंचे शब्द सांगितले. सुहासशी भांडले नाही. शेजारच्या बाईला चार तास बसायला विचारलं नाही. म्हापशाच्या त्या खोलीत माइकसमोर उभी राहिले असते आणि माझा आवाज कॉलेजच्या हॉलपुरताच होता असं निघालं असतं तर? कोल्हापूरहून आलेला कागदही मी स्वतःच घडीखाली ठेवला होता. तेव्हा तर भाऊंनी काहीच म्हटलं नव्हतं.

"माका पण भय वाटला, भाऊ," मी म्हटलं. "तुमी नको म्हटल्यात, तां माका बरा पडला."

हे बोलताना माझा आवाज मला अनोळखी वाटला. भाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हसले नाहीत. समोर बोंडूंवर माश्या घोंगावत होत्या, सड्यावरून कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"मगे आता?" त्यांनी विचारलं.

तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. भाऊंनी घाई केली नाही. काठी भिंतीला टेकवली, खुर्चीत जरा मागे सरकून बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले. आतलं बाहेर यायला किती वेळ लागतो, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.